दहा टन म्हणजे सत्तेचाळीस एचपी

चार पॉइंट सात एक. हा आकडा गेली सव्वीस वर्षं माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलाय. एक टन थंडी म्हणजे चार पॉइंट सात एक हॉर्सपॉवर. रोह्याच्या केमिकल कंपनीत चिलरवर लागलो, त्या पहिल्या आठवड्यात जुन्या ऑपरेटरने तो माझ्याकडून पाढ्यासारखा घोकून घेतला होता. आता मला वाटतं, त्याने त्याऐवजी मला गप्प बसायला शिकवलं असतं तर बरं झालं असतं.

आमच्या धंद्यातला टन वजनाचा नसतो. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता पाण्यातून काढणाऱ्या यंत्राला एक टनाचं यंत्र म्हणतात. कंपनीतल्या गरम भांड्यांभोवती गार पाणी फिरवायचं, ते पाणी गार करणारा तो चिलर आणि फिरवणारा त्याच्या बाजूचा पंप. हॉर्सपॉवर हेही शक्तीचंच माप, म्हणून टनाचं हॉर्सपॉवर करता येतं. कागदावर गुणाकार चोख बसतो. फक्त त्याचा बाजूच्या पंपाशी काही संबंध नसतो. दहा टनाच्या चिलरजवळ दोन-तीन एचपीचा पंप सुखाने चालतो. उष्णता किती काढली हा एक हिशोब, पाणी किती ढकललं हा दुसरा.

हे मला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. पुढचं सगळं वाचताना हे विसरू नका, कारण मी स्वतः ते पुष्कळदा विसरायला बघतो.

आमचं गाव पेणकडच्या जिते गावाच्या पलीकडे, खाडीच्या कडेला. शेती खाडीपेक्षा खोलगट, मध्ये मातीचा बांध. बांध आहे म्हणून भात आहे, भात आहे म्हणून गाव आहे. त्यामुळे गावात एक रीत आहे. बांधाचं काम निघालं की घरटी एक माणूस बांधावर. आजारपण असो, लग्न असो, घरटी एक माणूस गेलाच पाहिजे. आम्ही दोघे भाऊ वाटण्या न झालेले, म्हणजे एकच घर. आमच्या घराचा माणूस म्हणून कायम दादा गेला. मी रोह्यात, शिफ्टला. घराचा एक माणूस गेला ना, मग झालं, असं मी स्वतःला सांगायचो. दादाने कधी हिशोब काढला नाही. तो उलट चारचौघांत मिरवायचा, "माजा भाव कंपनीत थंडी बनवतंय." गावात मला बर्फवाला म्हणायचे, आणि मला ते आवडायचं.

भादव्यातल्या अमावास्येच्या उधाणाला बांध फुटला. पन्नास-साठ हात लांबीची खांड पडली आणि खाडी सरळ उभ्या भातात शिरली. घरटी एक माणूस करत गावाने तीन आठवड्यांत खांड बुजवली. दादा कमरेएवढ्या चिखलात उभा राहून मातीच्या गोणी झेलत होता, असं वहिनीने फोनवर सांगितलं. मी त्या तीन आठवड्यांत दोनदा जाऊन आलो, तेही चप्पल हातात घेऊन कोरड्या वाटेने.

बांध बांधला पण आत आलेलं खारं पाणी आतच राहिलं. ते बाहेर सोडायची झडप, आमच्याकडे तिला उघाडी म्हणतात, गाळाने भरून गेलेली. पाणी उपसून काढलं तर मीठ पाण्याबरोबर जातं. नाही काढलं तर ऊन पाणी पितं आणि मीठ जमिनीला ठेवून जातं. मग दोन-तीन वर्षं तिथे भाताचं नाव घ्यायचं नाही. म्हणजे मुदत ठरलेली होती. पौषापर्यंत पाणी गेलं तर शेत राहिलं, नाहीतर गेलं.

दादा रोह्याला माझ्या खोलीवर आला. येताना तांदळाची पिशवी, तिच्याखाली वाल. बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "कंपनीत एखादी मोटार पडलेली असंल तर बघ ना. गावाला पायजे. लोकांनी मला तुज्याकडं धाडलाय."

मोटार होती. आमचा जुना दहा टनाचा चिलर भंगारात काढला होता आणि त्याचा पंप शेडच्या मागे ताडपत्रीखाली पडून होता. तीन एचपीचा. त्याच्यावरच्या पट्टीवर रंग फासलेला, त्यामुळे आकडा वाचता येत नसे, पण तो पंप मी अकरा वर्षं चालवला होता, मला वाचायची गरज नव्हती. कंपनीत गावांना मदत करणारं एक खातं होतं. त्यातले साहेब तरुण, भले, आणि टेबलाबाहेरची कुठलीही वस्तू न पाहिलेले. त्यांनी मोठ्या आनंदाने फॉर्म काढला. त्यात एक रकाना होता: पाण्याला मिळणारी शक्ती, हॉर्सपॉवरमध्ये. साहेबांनी कंपनीची यादी बघितली. यादीत चिलर आणि पंप मिळून एकच नोंद होती: संच, दहा टन.

"टन दिलेत हो इथे," साहेब म्हणाले. "ह्याचं पाण्याचं हॉर्सपॉवर करता येतं का?"

आता इथे शहाण्या माणसाने सांगायचं असतं की साहेब, टन विसरा, पंप तीनचा आहे, तीन लिहा. मी काय केलं? कॅल्क्युलेटरला हात न लावता म्हणालो, "सत्तेचाळीस पॉइंट एक."

"तोंडपाठ?"

"तोंडपाठ."

"वा!" साहेब म्हणाले, आणि त्यांनी लिहिलं. इतक्या वर्षांत कंपनीतल्या कुणा साहेबाने मला वा म्हटलेलं ते पहिलं. त्या एका अक्षरासाठी मी गाव पाण्यात घातलं. उगाच स्वतःला झोडपायला म्हणत नाही, झालं तसं सांगतोय. मला त्याच क्षणी कळलं होतं की आकडा बरोबर आहे आणि लिहिलाय चुकीच्या जागी. पण वाटलं, असू दे, कागदच तर आहे. मोठा आकडा दिसला तर गावाचाही मान राहील.

पंप टेम्पोत घालून मी आणि दादा निघालो. कोलाडला ड्रायव्हर मिसळ खायला थांबला. दादा खाली उतरलाच नाही, पंपाला हात लावून टेम्पोतच बसून राहिला. मी त्याला वडापाव नेऊन दिला, तो त्याने पुढचं खांब गाव येईपर्यंत हातातच धरला होता. "किती एचपीची रे?" त्याने विचारलं. माझ्या खिशात फॉर्मची झेरॉक्स होती. ती त्याने मागितली, आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "सत्तेचाळीस? अरं, मंग आठ दिवसांत रान मोकळं."

मी म्हणालो, "बघू." यापेक्षा हलकट शब्द मराठीत नसेल.

गावात पंपाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. कंपनीच्या साहेबांनी फोटो काढला. फोटोत मी मध्ये आहे. मग चालू केला, आणि पाइपातून मनगटाएवढी धार आली. लोक धारेकडे बघत राहिले. एक म्हातारा म्हणाला, "आमच्या वाडीतल्या नळाला यापरीस जास्ती येतंय." सगळे हसले. मीही हसलो.

दादाने एक काठी शेतातल्या पाण्यात रोवली आणि पाण्याच्या रेषेवर कोयत्याने खाच पाडली. रोज सकाळी तो खाच बघायचा, पाणी हललं की नवी पाडायचा. पंपाच्या तोंडाला लावलेल्या जाळीत शेवाळ अडकायचं, बारक्या चिंबोऱ्या अडकायच्या, त्या काढायला दिवसातून पाच-सहा वेळा पाण्यात उतरायचा. त्याच्या पायांची कातडी खाऱ्या पाण्याने सोलवटून निघाली. अकरा दिवसांनी पाणी दोन बोटं उतरलं. पुढच्या उधाणाला बांधाखालून झिरपून एक बोट परत चढलं. सुट्टीला गेलो की तो मला काठीकडे घेऊन जायचा आणि ह्या खाचेपासून त्या खाचेपर्यंत बोट फिरवून दाखवायचा. ओरडला असता, शिव्या घातल्या असत्या, तर मी सुटलो असतो. पण त्याचं गणित वेगळंच झालं होतं.

"तुजा हिशोब खोटा कसा असंल?" तो म्हणाला. "कागदावर सत्तेचाळीस हाय. कंपनीनं मोटार बदलली. चांगली ठेवली आन ही भंगारातली आपल्या गळ्यात मारली. तू साधा माणूस, तुला फशिवला."

मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. तेवढ्यात वहिनी डबा घेऊन बांधावरून येताना दिसली आणि दादा तिला लांबूनच म्हणाला, "ऐकलंस का गो, भावोजी कंपनीत विचारणार हायत." मी विचारणार आहे असं मी म्हणालोच नव्हतो. पण मग तेच खरं झालं, आणि मी डब्यातलं सुकट आणि भाकरी खाल्ली.

खरा घाव पुढे बसला. फुटक्या बांधांच्या गावांना सरकारी खात्याकडून मोठे डिझेल पंप मिळणार होते. चांगले, रुंद तोंडाचे, पाणी खरोखर बाहेर फेकणारे. आमचं गाव यादीत वरचं होतं. मग त्या यादीतून आमचं नाव कापलं गेलं. चौकशीला गेलेल्या लोकांना सांगितलं, तुमच्याकडे सत्तेचाळीस एचपीचा पंप आहे, कंपनीने फोटोसकट कळवलंय. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना आधी.

दादाचा फोन आला तेव्हा मी शिफ्टमध्ये होतो. तो काय म्हणाला ते नीट आठवतं. "तू कागदाचा माणूस हायस. जाऊन समजव त्यांना."

मी रजा टाकून पेणला गेलो. कचेरीतले क्लार्क सभ्य गृहस्थ होते. टेबलावर गणपतीची एक बिनरंगाची छोटी मूर्ती, तिच्याखाली दाबून ठेवलेले कागद. त्यातूनच त्यांनी आमचा कागद काढला.

"ह्यात चूक काय आहे?" त्यांनी विचारलं. "दहा टन गुणिले चार पॉइंट सात एक. मी मोबाइलवर बघितलं. उत्तर बरोबर येतंय."

"उत्तर बरोबर आहे, पण ते पंपाचं नाही."

"मग कोणाचं?"

"थंडीचं," मी म्हणालो.

ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी एक कोरा कागद पुढे केला. "लिहून द्या. मी अमुक अमुक, चिलर ऑपरेटर, मी चुकीचा आकडा दिला, पंप तीन एचपीचा आहे. खाली सही. वर कंपनीचा शिक्का आणा. आठवड्याच्या आत आणलंत तर नाव परत घालायचं बघतो."

बस्स, एवढंच होतं. चार ओळी आणि एक सही. सरकारी कचेरीत इतक्या सोप्या कामाला एवढा भला माणूस भेटतो का कधी? मला भेटला.

मी तो कागद घेऊन रोह्याला आलो. त्या महिन्यात शिफ्ट इनचार्जची जागा निघाली होती आणि तीन जणांत माझं नाव होतं. मदत खात्याच्या साहेबांनी आमच्या पंपाचा फोटो मोठा करून गेटजवळच्या भिंतीवर लावला होता. खाली लिहिलं होतं, सत्तेचाळीस एचपी. रोज आत जाताना आणि बाहेर येताना तो दिसायचा. त्या फोटोखालून मी कागद घेऊन वर जायचं, आणि सांगायचं की साहेब, हे खोटं आहे आणि ते मी बोललो? त्यानंतर मला इनचार्ज कोण करणार होतं?

सोमवारी वाटलं मंगळवारी जाऊ. मंगळवारी साहेब दौऱ्यावर. बुधवारी ते होते, मी जिन्यापर्यंत गेलो आणि कूलिंग टॉवरचा आवाज वेगळा येतोय असं वाटून परत फिरलो. टॉवरला काही झालं नव्हतं. आठवडा गेला. कागद माझ्या डायरीत घडी करून राहिला, त्या शेवटच्या पानाजवळ, जिथे टनाचं हॉर्सपॉवर करायचा तक्ता छापलेला असतो. दादाला मी सांगितलं, "ऐकत नाहीत रे. सरकारी माणसं."

"मला ठाऊकच होतं," दादा म्हणाला.

मी इनचार्ज झालो. दादाने पेढे वाटले.

माघात पाणी आटलं. उपसून नाही, उन्हाने. काठीवरच्या खाचा एकाखाली एक उघड्या पडल्या आणि जमिनीवर पांढरा थर आला. पावसाळ्यात दादाने तरीही भाताचं आवण लावलं. लोक नको म्हणत होते, तो म्हणाला, बघू तर. रोपं पंधरा दिवस हिरवी राहिली, मग शेंड्याकडून पिवळी पडत गेली. वहिनी मला म्हणाली, "भावोजी, तुमचे दादा शेतावर जातात आन नुसते उभे राहून परत येतात. काय तरी काम बघा त्यांच्यासाठी." तिने ती काठी आणून पडवीत कपडे वाळत घालायला बांधली होती. माझाच टॉवेल तिच्यावर वाळत होता.

काम बघितलं. बावन्न वर्षांच्या, फक्त भात जाणणाऱ्या माणसाला कंपनीत काय काम मिळणार? ठेकेदाराकडे हेल्पर. गाळण्या साफ करायच्या, कूलिंग टॉवरमधला गाळ काढायचा. माझ्याच विभागात. जाळीतलं शेवाळ काढायचा त्याला चांगला सराव होता.

पहिल्या दिवशी तो पिवळं हेल्मेट घालून आला आणि मला सगळ्यांदेखत म्हणाला, "साहेब, कुठून चालू करू?" मला वाटलं थट्टा करतोय. नव्हता करत. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला बाजूला घेऊन म्हणालो, "दादा, साहेब काय?" तो म्हणाला, "हितं कुणाला सांगू नको आपण भाव म्हणून. हेल्परचा भाव म्हटल्यावर तुजी किंमत जायची." आणि खरंच, आठ महिने त्याने कुणाला कळू दिलं नाही. मीही नाही. त्याचं कारण प्रेम होतं. माझं कारण काय होतं ते मी लिहीत नाही.

गेल्या महिन्यात आमच्याकडे नवा चिलर बसला. दीडशे टनाचा. दादा आणि आणखी दोन हेल्पर त्याच्या पाइपांवरची धूळ पुसत होते. मी लॉगबुक घेऊन उभा होतो. दादाने फडकं खांद्यावर टाकलं, यंत्राकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "साहेब, हा किती टनाचा?"

"दीडशे."

"म्हंजे एचपी किती?"

दोघे हेल्पर थांबून माझ्याकडे बघायला लागले. सांगायची वेळ हीच होती. डायरी माझ्या काखेत होती, त्यात तो कोरा कागद होता. एवढंच म्हणायचं होतं की दादा, हा हिशोब असा नसतो, तेव्हाही नव्हता, पंप तीनचाच होता, कंपनीने बदलला नव्हता. त्याच्या डोळ्यांत मी बघितलं. शेत गेलं, बैल गेले, बांधावरची जागा गेली. आपला भाऊ हुशार आहे, एवढी एकच गोष्ट त्याच्याकडे उरली होती.

"सातशे सात," मी म्हणालो.

दादाचा चेहरा फुलला. तो त्या दोघांकडे वळला, आणि आठ महिन्यांत जे कधी बोलला नव्हता ते बोलला.

"तोंडपाठ हाय त्याला. माजा सख्खा भाव हाय तो."